पान दोनशे चौदा

९ ऑगस्ट १९६४, रविवार. वरवट बकाल

ही वही ग्रंथालयाच्या नोंदींसाठी घेतली होती. आज आमच्या पानमळ्यातलं लिहितो, कारण हे बोलायला इथे कोणी नाही. घरात सगळे माझ्याच तोंडाकडे बघतात.

आईच्या चिठ्ठीवरून वाटलं होतं की दोन-चार वेल वाळले असतील. पानमळ्यात पायताण घालून जात नाहीत, म्हणून सकाळी मळ्याभोवतीच्या कुडाबाहेर चपला काढून आत गेलो, तर उजव्या अंगाच्या सगळ्या ओळी मलूल. वेल आधाराच्या शेवरीला धरून उभा दिसतो, पानं हिरवीच असतात, पण हात लावला की पान देठातून गळून खाली येतं. बाने एक वेल ओढून दाखवला. बुडाशी काळा पडला होता. बोटाने दाबला तर साल सुटून आली आणि कुजका वास सुटला.

आमच्या एका विहिरीवर तीन घरांचे पानमळे आहेत: आमचा, कडूबा काकांचा आणि अंबूकाकूंचा. अंबूकाकूंचा सगळ्यांत लहान, बारा ओळींचा. नवरा गेल्यापासून चार वर्षं त्या स्वतः पानं खुडतात आणि टोपली घेऊन जळगाव जामोदच्या बाजाराला जातात. त्यांच्या चार ओळींना लागण झाली आहे. कडूबा काकांच्या निम्म्याला. शेतकी खात्याच्या साहेबांची जागा उन्हाळ्यापासून रिकामी आहे. ग्रामसेवक आले, कुडाबाहेरूनच बघितलं आणि उपटून टाका म्हणाले.

जेवताना बा म्हणाला, "तू एवढ्या पुस्तकांत बसतं. आपल्या वेलाचं त्यात कोणी काही लिहेल नसंन काय?"

मी म्हटलं, "पाहतो."

मलकापूरचं आमचं कॉलेज अजून दोन वर्षांचं आहे, जिनिंगच्या जुन्या कचेरीत भरतं. ग्रंथालय म्हणजे सहा कपाटं, एक लांब टेबल आणि मी. जानेवारीत लागलो. पानवेलीवर पुस्तक आमच्याकडे एकही नाही, हे मला इथे बसूनही माहीत होतं.

११ ऑगस्ट. मलकापूर

वनस्पतिशास्त्राच्या खर्चे सरांना विचारलं. त्यांनी आधी वेलाचं वर्णन नीट ऐकलं, मग म्हणाले, "पुस्तकात नाही मिळायचं. असल्या गोष्टी नियतकालिकांत येतात. पण कोणत्या नियतकालिकात, कोणत्या वर्षी, हे शोधायला सारांशांचे खंड बघावे लागतात. ते नागपूरला आहेत. आणि 'पान' म्हणून शोधू नकोस, जन्मभर सापडणार नाही. शास्त्रीय नावाने शोध."

त्यांनी चिठ्ठीवर ते नाव लिहून दिलं: पायपर बेटल. तीन महिन्यांच्या ग्रंथालय वर्गात हे सारांशांचे खंड मला शिकवले होते, परीक्षेत दहा मार्कांचा प्रश्नही होता. प्रत्यक्षात मी एकही कधी उघडला नव्हता.

१७ ऑगस्ट, सोमवार. नागपूर

रविवारी आलो, मित्राकडे उतरलो. दार उघडायच्या आधीच ग्रंथालयाच्या पायरीवर होतो.

नियतकालिकांच्या दालनात भगवानराव म्हणून एक वयस्क गृहस्थ आहेत. चिठ्ठी बघून म्हणाले, "मलकापूरहून विड्याच्या पानासाठी आलात?" हसले, पण एकामागून एक खंड काढून देत राहिले. मागची सूची बघायची, नावापुढचा आकडा घ्यायचा, त्या आकड्याचा सारांश काढायचा. तीन तास गेले. पाच नोंदी मिळाल्या. दोन सिलोनच्या, त्या पानावरच्या ठिपक्यांबद्दल. एक तीस वर्षांपूर्वीची. एक जपानी भाषेत. पाचवी नोंद वाचली आणि मी उभाच राहिलो. पानवेलीची बुडकूज, पावसाळ्यात लागण, उपाय मोरचूद आणि चुन्याचं द्रावण. डिसेंबर १९६३ चा अंक, पानं दोनशे दहा ते सतरा.

भगवानराव आत जाऊन आले. तो खंड बांधणीला गेलेला, महिन्याने येईल. माझं तोंड उतरलं असावं. त्यांनी एक सायक्लोस्टाइल केलेली यादी काढली, राज्यातल्या कोणत्या ग्रंथालयात कोणतं नियतकालिक येतं त्याची. या त्रैमासिकापुढे तेवीस ग्रंथालयं होती. त्यांचं बोट खाली सरकत गेलं आणि थांबलं.

"तुमच्याच कॉलेजला येतं की हो."

मी मान खाली घालून यादी उतरवून घेतली.

१८ ऑगस्ट

गाडीतून उतरलो तो थेट ग्रंथालयात. खिडकीखाली माझ्या आधीच्या माणसाने टाकून दिलेला टपालाचा ढीग आहे, वेष्टणंसुद्धा न काढलेला; नंतर आलेलं मीही त्यावरच टाकत गेलो. नोंदी करायच्या म्हणून सात महिने रोज बघतो आहे. त्यात खालून तिसरा गठ्ठा. वेष्टणावर महिना छापलेला होता म्हणून लगेच कळलं. तेवढा ओढून काढला, बाकीचे तसेच भिंतीला रचून ठेवले. अंकाला कुणाचा हात लागलेला नव्हता, पानंसुद्धा एकमेकांना चिकटलेली. पट्टीने सोडवली.

सगळं आहे त्यात. आमच्या वेलाचा फोटोच असावा असा एक फोटो आहे. पान दोनशे चौदावर तक्ता आहे: मोरचूद पाच पौंड, चुना एक पौंड, पाणी पन्नास गॅलन. बुडाशी ओतायचं, पंधरा दिवसांनी पुन्हा.

आज फार दिवसांनी आपण काहीतरी शिकलो आहोत असं वाटलं.

२० ऑगस्ट

लेखाचं मराठी करून वहीत उतरवलं. दोन शब्द अडले. खर्चे सरांना विचारायला गेलो तर ते आईच्या आजारपणासाठी भुसावळला गेले आहेत, कधी येतील ठाऊक नाही. शब्द महत्त्वाचे नव्हते, सोडून दिले. आकडे तर स्पष्टच आहेत. बाजारातून मोरचूद घेतला.

२३ ऑगस्ट, रविवार. वरवट

सकाळी विहिरीजवळ सगळे जमले. मी वही वाचून दाखवली.

कडूबा काकांनी विचारलं, "हे ज्यानं लिहिलं त्यानं आपला मळा पाह्यला काय?"

"आपला नाही, काका. पण असे पुष्कळ पाह्यले असतीन त्यानं."

"छापेल हाये ना?" बाने विचारलं.

"हाव. छापेल हाये."

बाचं म्हणणं होतं की आधी दोन ओळी करून पाहाव्या, आठ दिवस थांबावं. मी म्हटलं, आठ दिवसांत बाकीच्या जातील. तक्ता दाखवला. त्याला इंग्रजी येत नाही, तरी त्याने तो आकड्यांवरून बोट फिरवत बराच वेळ पाहिला. मग म्हणाला, "तुले समजते ते खरं."

भांडं धातूचं नको असं लेखात होतं म्हणून रांजण घेतले. चुना निवळत ठेवला तेव्हा अंबूकाकू म्हणाल्या, "एवढासाच? पानाले लावाले घेतल्यावानी?" सगळे हसले. मीही.

द्रावण फार सुंदर निळं झालं. पोत्याची सुतळी कापून बाने विळा रांजणातच बुडवून ठेवला होता. काढला तर पातं लाल, नव्या तांब्याच्या लोट्यासारखं.

"इळा लाल काऊन पडला?"

"मोरचुदाचा रंग असंन, बा."

त्याने पातं धोतराला पुसलं. लाली जाईना. थोडा वेळ तो तसाच विळा हातात धरून उभा राहिला. मी रांजण ढवळायला लागलो तेव्हा तोही आला. दुपारपर्यंत तिन्ही मळ्यांच्या सगळ्या ओळी झाल्या, रोगट आणि चांगल्या दोन्ही, कारण चांगल्यांना आधीच द्यावं असं लेखात आहे. अंबूकाकू आपल्या आठ चांगल्या ओळींना द्यायला तयार नव्हत्या. त्यांना मी स्वतः समजावलं.

अंग दुखतं आहे, पण बरं वाटतं आहे.

१ सप्टेंबर. मलकापूर

बाचं कार्ड आलं, शाळेतल्या मास्तरांकडून लिहवून घेतलेलं. "पानांच्या कडा करपून राहिल्या आहेत. चांगल्या ओळींच्या बी. काय करावे कळवणे."

पुन्हा लेख वाचला. करपण्याबद्दल त्यात काही नाही. रोग आतून आधीच सगळीकडे पोचला होता, तो आता बाहेर दिसतो आहे, असं माझ्या ध्यानात आलं. म्हणजे दोन ओळींवर न थांबता सगळ्यांना दिलं तेच योग्य झालं. पंधरा दिवसांनी दुसरा हप्ता लिहिलेलाच आहे, तो दोन दिवस आधी दिला तर चालेल. तसं कार्ड आजच टाकलं. मोरचूद शिल्लक आहे.

६ सप्टेंबर, रविवार. पोळा. वरवट

काल तिघांनी दुसरा हप्ता दिला. मी आज पोचलो.

मळ्यात सावली राहिली नाही. इतकी वर्षं आत शिरलं की डोळ्यांपुढे अंधार दाटायचा, आज कुडातून आत गेलो तर ऊन थेट मातीवर. शेवऱ्या उभ्या आहेत आणि त्यांना काळ्या दोऱ्या लोंबताहेत. अंबूकाकूंच्या आठही ओळी गेल्या. त्या बांधावर बसून होत्या. मला म्हणाल्या, "बस. पुरनाची पोळी खाल्ली काय?"

बैलांना सजवलं, तोरणाखालून नेलं. बा गेला होता, घुंगरमाळा बांधून आला. मळ्याबद्दल कडूबा काका एवढंच म्हणाले की रोग लय भारी होता, तुयाकडून व्हईन तेवढं तू केलं.

मला रडू आलं. उपाय उशिरा सापडला. एक महिना आधी नागपूरला गेलो असतो तर.

१२ सप्टेंबर, शनिवार. मलकापूर

करपण्यावर आणखी कोणी लिहिलं आहे का ते बघावं म्हणून खिडकीखालचा ढीग उपसला. आज सगळी वेष्टणं फाडली, एकेक अंक रजिस्टरला चढवत गेलो.

डिसेंबरच्या लगेच पुढचा, मार्चचा अंक. मुखपृष्ठाच्या आत, अनुक्रमणिकेच्या खाली चार ओळी. शुद्धिपत्र. मागील अंक, पान दोनशे चौदा, तक्ता तीन. 'चुना एक पौंड' याऐवजी 'चुना पाच पौंड' असे वाचावे. संपादक दिलगीर आहेत.

अंक टेबलावर ठेवला. पुन्हा उचलला. पुन्हा वाचला.

त्या ढिगात तो डिसेंबरच्या गठ्ठ्याला चिकटूनच असणार. डिसेंबरचा ओढताना हा बाजूला सरकवला असेल तो याच हाताने.

१४ सप्टेंबर

खर्चे सर आले. त्यांच्या आई गेल्या. डोक्यावरचे केस काढलेले. अशा माणसाला काय सांगायचं म्हणून परत फिरत होतो, त्यांनीच हाक मारली. दोन्ही अंक पुढे ठेवले.

त्यांनी दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचली. मग विचारलं, "द्रावणात लोखंड बुडवून पाहिलं होतं?"

विळ्याचं सांगितलं.

"चुना कमी पडला की मोरचूद मोकळा राहतो. तो लोखंडावर तांबं चढवतो आणि मूळ जाळतो. पातं लाल झालं की आणखी चुना घालायचा, एवढी साधी परीक्षा आहे ती." मग हळूच म्हणाले, "मी इथे असायला हवा होतो."

ते का बरं असायला हवे होते. त्यांची आई मरत होती.

१७ सप्टेंबर

कोणालाही कळणार नाही. तिन्ही घरं रोगानेच मळा गेला असं मानतात. माझ्यावर कोणाचा राग नाही. उलट आई कळवते की लोक म्हणतात, पोरगा नागपूरपर्यंत जाऊन आला.

सांगून एक वेल परत येणार नाही. हे वाक्य मी दिवसभर मनात म्हणून पाहिलं. खरं आहे. तरी जेवण जात नाही.

२० सप्टेंबर, रविवार. वरवट

सांगितलं. विहिरीवर, तिघांना एकत्र. मार्चचा अंक बरोबर नेला होता, का ते माहीत नाही, वाचणारं कोणी नव्हतं.

कडूबा काका म्हणाले, "म्हंजे आपण काहीच केलं नसतं तं?"

"निम्मा मळा राह्यला असता. जास्तही."

"मंग हे सांगाले काऊन आला तू? मी तं रोगाचंच समजून बसलो होतो. रोगावर कोण रागावते? आता मी काय करू, सांग."

त्यांचा आवाज चढला नव्हता.

अंबूकाकू म्हणाल्या, "माह्या आठ ओळी चांगल्या होत्या, शालिग्राम." एवढंच. टोपली उचलली आणि गेल्या. टोपली रिकामी होती, नेहमीच्या सवयीने आणलेली.

विळा, रांजण, बाने थांबूया म्हटलं होतं ते, यातलं काहीही त्याने काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

४ ऑक्टोबर. वरवट

अंबूकाकू आता दुसऱ्याच्या पऱ्हाटीत कापूस वेचायला जातात. रस्त्यात दिसल्या. मी थांबलो, त्या थांबल्या नाहीत. कडूबा काकांनी शेवऱ्या तोडून सरपण केलं. नवी लावण या मातीत लगेच धरेल की नाही हे खर्चे सरांनाही सांगता येत नाही.

संध्याकाळी ओसरीवर बाने पहिल्यांदा विषय काढला.

"ते चुकीचं पुस्तक आता कुठं हाये?"

"आमच्या कपाटात."

"तेवढं एकच छापेल हाये?"

"नाही. आपल्या राज्यात तेवीस ठिकाणी जाते."

तो सुपारी कातरत राहिला. मग म्हणाला, "मंग तिथल्यांले कोण सांगन?"

"पुढच्या अंकात दुरुस्ती छापली आहे, बा."

"तुयाजवळ बी तं होती ना छापेल."

७ ऑक्टोबर. मलकापूर

आमच्या अंकात पान दोनशे चौदावर दुरुस्ती चिकटवली, लाल शाईत. मग नागपूरची यादी काढली. आमचं सोडून बावीस. बावीस कार्डं लिहिली: मार्चच्या अंकातलं शुद्धिपत्र डिसेंबरच्या अंकात त्या पानावर कृपया चिकटवावं, चुकीच्या प्रमाणाने पीक जळतं, आमच्याकडे जळलं आहे. शेवटचं वाक्य पहिल्या तीन कार्डांत लिहिलं नव्हतं. ती फाडून पुन्हा लिहिली. संपादकांनाही एक पत्र.

५ नोव्हेंबर

दिवाळीला घरी गेलो नाही, परीक्षेच्या कामाचं निमित्त सांगितलं.

आजवर सात उत्तरं. चार ठिकाणी चिकटवलं. शिवाय भगवानरावांनी लिहिलं आहे की बांधलेला खंड आला, स्वतः हाताने केलं. एका ठिकाणी नियतकालिकांवर काही लिहिणं वा चिकटवणं नियमाबाहेर आहे. एका ठिकाणचा मार्चचा अंक टपालात गहाळ, म्हणून खात्री करता येत नाही. संपादक लिहितात की दुरुस्ती यथाकाल प्रसिद्ध झाली असल्याने त्यांच्या बाजूने विषय संपला आहे. पंधरा ठिकाणांहून काहीच नाही. त्यांनी कार्ड वाचलं, की खिडकीखाली टाकलं, हे मला कसं कळणार. त्यांना दुसरं कार्ड टाकलं.

१९ नोव्हेंबर

सांगलीकडच्या एका शेतकी शाळेच्या ग्रंथालयाचं कार्ड. तिकडे पानमळे पुष्कळ, असं सर म्हणाले.

"सदर अंक एका वाचकाने ऑगस्टमध्ये घरी नेला असून अद्याप परत आलेला नाही. परत आल्यावर आपल्या सूचनेप्रमाणे करू."

उलट टपाली लिहिलं: वाचकाचं नाव-गाव कळवा, किंवा तुम्हीच त्याला आज कार्ड टाका, मजकूर सोबत देतो. तारेचा विचार केला. तारघरात जाऊन उभाही राहिलो. पण तार करायची तर कोणाला, आणि ऑगस्टमधल्या माणसाला नोव्हेंबरात काय सांगायचं, हे सुचेना. शेवटी ग्रंथालयालाच केली. शब्द कमी करता करता 'चुना पाच' एवढंच राहिलं, तारमास्तर माझ्याकडे बघत होता.

१३ डिसेंबर, रविवार. वरवट

मळ्याच्या जागी बाने हरभरा पेरला आहे. कुठे उगवला आहे, कुठे टक्कल आहे. कुड काढून टाकला, आता लोक चपला घालूनच तिथून ये-जा करतात.

सांगलीकडून काही नाही. ते उलट टपालाचं पत्र, ती तार आणि मागाहून टाकलेलं एक कार्ड, तिन्हींचं नाही.

त्या वाचकाबद्दल बाला मी मागच्या वेळी सांगितलं होतं. सांगायला नको होतं असं आता वाटतं, कारण आज मी पायरी चढलो तर माझी पिशवी घ्यायच्या आधी त्याने विचारलं, "आलं काय त्या माणसाचं?"

"नाही."

दुपारी हरभऱ्याला पाणी देताना त्याने मधेच फावडं थांबवलं.

"त्याच्या किती ओळी असतीन रे?"

माहीत नाही, म्हटलं. त्याने मान हलवली आणि पाणी पुढच्या वाफ्याला वळवलं.